तीन मसुदे आणि एक न बदलणारे विधान

पदवीच्या शेवटच्या वर्षाला आमच्या महाविद्यालयात लेखनाचा एक अभ्यासक्रम सक्तीचा झाला. विद्यार्थ्याने वर्षभर एकाच विषयावर दीर्घ निबंध लिहायचा, त्याचे तीन मसुदे करायचे, शिक्षकाने प्रत्येक मसुद्याच्या समासात शेरे लिहायचे आणि त्या शेऱ्यांवर विचार करून पुढचा मसुदा उभा राहायचा. याचे श्रेयांक मिळाल्याशिवाय पदवी नाही. मुले त्याला ‘रायटिंगचा पेपर’ म्हणत. मी भूगोल शिकवते, आणि ही कल्पना ऐकून मनापासून आनंदलेल्या थोड्या शिक्षकांपैकी मी एक होते. ज्या शाळेत मी घडले तिथे खोडरबर वापरायला बंदी होती. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे आपण कुठून कुठे आलो ते दिसत राहते, असे आमच्या बाई सांगत. या अभ्यासक्रमात मला त्याच आडव्या रेघेचा सन्मान दिसला.

नियमावलीत मात्र एक कलम होते. विद्यार्थ्याने वर्षाच्या आरंभी आपले ‘मुख्य विधान’ एका वाक्यात लिहून छाननी समितीकडून मंजूर करून घ्यावे, आणि तिन्ही मसुद्यांत ते कायम असावे. मुलांनी अर्ध्यावर विषय सोडू नये, एवढाच त्यामागचा हेतू असावा. पण नियम लिहिणारा हेतू घरी घेऊन जातो आणि मागे फक्त वाक्य उरते.

त्या वाक्याचे काय झाले ते मला महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कळले. प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला गेले होते. दुकानदार नवा होता. त्याने मला कुणाची तरी आई समजून विचारले, “रायटिंगचा सेट पायजे का, मॅडम? पोरीसाठी?”

“कसला सेट?”

“तिन्ही मसुदे. पयला कच्चा पायजे का एकदम कच्चा? एकदम कच्च्यात शुद्धलेखनाच्या चुका आपल्याच कडून.”

मी शिक्षिका आहे हे सांगितल्यावर तो जराही ओशाळला नाही. उलट कौतुकाने म्हणाला, “मंग त तुमाले मालूमच असन. शेवटचा आधी लिहाचा, मंग त्यातलं काढत काढत मागं यायचं.”

म्हणजे विणून झालेला स्वेटर उसवावा तसे. आधी पूर्ण निबंध, मग त्यातले परिच्छेद काढून दुसरा मसुदा, आणखी काढून व चुका घालून पहिला. विधान तिन्हीकडे एकच, कारण मूळ निबंधच एक. जे दुकानात जात नव्हते ते हेच काम घरी करत होते. वर्षभर विचार करायला लावणाऱ्या अभ्यासक्रमातून आमची मुले विचार मागच्या दिशेने मोडायला शिकली.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. गाव रामटेकच्या पलीकडचे, घरची धानाची शेती. शिकायला इथे शहरात, प्रताप नगरात आत्याकडे राहत असे. तिला बी.एड. करून गावाजवळच्या शाळेत शिकवायचे होते. त्या भागात जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेले तलाव आहेत आणि शेतांना त्यांचे पाणी पाळीपाळीने सोडतात. तिने मंजूर करून घेतलेले विधान असे: ‘आमच्या गावच्या तलावाचे पाणी सर्व शेतांना सारखे मिळते.’ पहिल्या मसुद्याच्या समासात मी दोनच प्रश्न लिहिले: हे तुला कोणी सांगितले? त्यांचे शेत कुठे आहे?

सांगितले होते तिच्या वडिलांनी, आणि त्यांचे शेत तलावाला लागून होते. दिवाळीच्या सुट्टीत ही मुलगी पाटाच्या कडेने चालत अगदी शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेवटच्या खाचरापर्यंत गेली. तिथे एक म्हातारी धान कापत होती. तिने हिचा प्रश्न ऐकला आणि ती हसायलाच लागली. “पाणी? तुमच्याकडचं उरलं त येते, माय! काहून, तुह्या बापानं नाही सांगतलं?”

दुसऱ्या मसुद्यात विधान उलटले: पाणी सारखे मिळत नाही. मी समासात लिहिले, मग पाळी लावणारे खोटे बोलतात का? ती पुन्हा गेली. पाळीचा वेळ सर्वांना खरोखरच सारखा होता. पण पाट कच्चा असल्याने शेवटच्या शेतापर्यंत पोचेतो बरेचसे पाणी वाटेतच जिरत होते. तिसऱ्या मसुद्याचे पहिले वाक्य होते: ‘पाण्याची पाळी सर्वांना सारखी आहे, पाणी सारखे नाही.’ हे वाक्य मी वर्गात वाचून दाखवले. इतक्या वर्षांत माझ्या विषयात असे वाक्य विद्यार्थ्याकडून फार क्वचित आले आहे.

छाननी समितीने तिचा निबंध अपूर्ण ठरवला, कारण विधान कायम राहिले नव्हते.

मी समितीच्या अध्यक्षांना भेटले. ते वाणिज्य शाखेचे ज्येष्ठ प्राध्यापक. तिन्ही मसुदे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी तीन वाक्यांखाली लाल रेघा मारल्या होत्या.

“मॅडम, ही पोरगी आधी हो म्हणते, मग नाही म्हणते, मग दोन्ही म्हणते. आपण धरायचं कोणतं?”

“शेवटचं.”

“मग आधीची दोन लावली कशाला?”

“सर, तीन आपणच मागितले.”

ते हसले. मग त्यांनी मला दुसऱ्या एका मुलीचे मसुदे आदर्श म्हणून दाखवले. शेवटच्या पानावर समितीचा शेरा होता, ‘उत्तम सातत्य’. पहिल्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुकानदाराने आश्वासन दिल्याप्रमाणे भरपूर होत्या. मी दुकानाची सगळी हकीकत सांगितली. त्यावर ते म्हणाले, “पुरावा आहे का? आणि नियमाप्रमाणे यात चूक काय आहे?” नियमाप्रमाणे चूक काहीच नव्हती. माझा संताप झाला तो नेमका याच उत्तराने.

निघताना त्यांनी मला उपकार केल्यासारखे सुचवले, “तिला सांगा, पहिला आणि दुसरा बदलून आण. शेवटचं विधानच तिकडे टाक, तारखा जुन्याच ठेव. मंजुरीची चिठ्ठी मी बदलून घेतो. कशाला पोरीचं वर्ष घालवता?”

मी ते तिला जसेच्या तसे सांगितले, कारण वर्ष तिचे होते. ‘उत्तम सातत्य’ मिळवलेली मुलगी तिच्या शेजारीच बसली होती, दोघी मैत्रिणी. तीच आधी बोलली. “लिहून दे ना वं! दोन पानं त बदलाची आहे. काहून अडून राहिली?”

ही मसुद्यांची पाने सारखी करत म्हणाली, “मले आधीपासूनच मालूम होतं, असं होते ना मंग.”

“मंग काय झालं?”

“मंग त्या आजीकडं मी गेलीच नाही, असं होते.”

“मोठी आली आजीवाली! आजी देऊन राहिली का तुले डिग्री?”

ही हसली, पण मसुदे होते तसेच उचलून तिने पिशवीत ठेवले. मी आग्रह केला नाही. तिच्या जागी मी काय केले असते, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. समितीच्या अहवालाला मी माझी असहमती सविस्तर जोडली. त्या असहमतीला समितीकडून उत्तर आले नाही.

अशा रीतीने तिचा बी.एड.चा प्रवेश त्या वर्षी हुकला. मैत्रिणीला मिळाला. ती आज मुलांना निबंध कसा लिहावा हे शिकवण्याचे प्रशिक्षण घेत आहे. या वाक्यात मी काहीही वाढवून लिहिलेले नाही.

जुलैत ही पुन्हा नाव नोंदवायला आली. विषय तोच, तलावाचा. नवी चिठ्ठी भरून आणली होती. मुख्य विधानाच्या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात लिहिले होते: ‘पाणी कोणाला किती मिळते, ते मी पाहून सांगीन.’

“हे मंजूर होणार नाही,” मी म्हणाले. “हे विधानच नाही.”

“देऊन त पाहू, मॅडम.”

चिठ्ठी आठवड्याभराने परत आली. मंजूर. शिक्का आणि तिन्ही सदस्यांच्या सह्या. त्यांतली एक अध्यक्षांची. मी ती हातात धरून उभी राहिले. गेल्या वर्षी ज्यांनी एका प्रामाणिक मुलीच्या तीन वाक्यांखाली लाल रेघा ओढल्या, त्यांनी या वर्षी तिचे एक वाक्यही वाचले नव्हते. वाचले असते तर नाकारले असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून या मंजुरीने मला आनंद झाला नाही.

तिला झाला. चिठ्ठी माझ्या हातून घेऊन, घडी करून तिने कंपासपेटीत ठेवली. “आता कितीही बदललं तरी चालते ना, मॅडम?”

“चालते,” मी म्हणाले.

“बाबाले घेऊन जातो या बारीले,” ती म्हणाली. “शेवटच्या बांधीपर्यंत. तेही कधी गेले नाही तिकडं.”