दोन्ही बाजूंनी पक्का

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा कचेरीत माणसांपेक्षा टँकरचे अर्जच जास्त. ते बघणाऱ्या कारकुनाच्या चष्म्याची काच एवढी जाड, की त्यातून आटलेल्या विहिरीतही पाणी दिसावं. मी अर्ज घेऊन गेलो की ऐकवायचा, "काका, विहीर आटली तरच टँकर. अन् आटली, की द्यायचाच." साहेबांना त्यातलं पहिलंच वाक्य पाठ होतं.

कारकुनाच्या सासुरवाडीच्या विहिरीत गुडघाभर पाणी होतं. त्यानं सासऱ्याचा अर्ज परत केला. "जावई न्हाई, वैरी हाय," म्हणत सासरा असा निघाला, की धुरळा उदगीरपर्यंत उडाला.

पुढं तीही विहीर आटली. रुसलेला सासरा अर्जच करेना. कारकून स्वतः टँकरवर बसून गेला.

"मी कुठं अर्ज केला?" सासरा गुरगुरला.

"विहीर आटली न्हवं, मामा?" म्हणत त्यानं पाईप विहिरीत सोडला.