नानांची ओली खुर्ची

नाना गेल्याची बातमी धाकू खलाशानं आणली. धरमतरहून आलेल्या लाँचवरून तो थेट आमच्या मांडव्याच्या कचेरीत शिरला, छातीपर्यंत भिजलेला, आणि दाराशीच थबकला. मी वेताच्या खुर्चीतून उठलो आणि ती त्याच्यापुढे सरकवली. एरवी हा गडी ऐटीत बसतो, तंबाखू मळतो आणि मगच तोंड उघडतो. त्या दिवशी मान हलवून म्हणाला, "मना नाय बसाचा, भाऊ. नाना गेलं..." लाटांच्या शिंतोड्यांनी त्याचा चेहरा आधीच ओला होता, त्यामुळे रडतोय की नाही ते कळेना. मी मात्र रडलो. सगळ्या कारकुनांसमोर रडलो, आणि त्याची मला काडीची लाज नाही.

याला आता महिना होऊन गेला. आमच्या लाँच कंपनीनं रीतसर शोकसभा घेतली. तीत आमच्या जुन्या हेडकारकुनाला 'आज्ञाधारक सेवक' म्हटलं गेलं. आज्ञाधारक! नाना असते तर पगडी काढून हसले असते. हे खोटं तसंच खपून जाऊ नये, म्हणून लिहायला बसलो आहे.

कंपनी सुरू झाली तेव्हा लाँच एक, कचेरी एक आणि कचेरीत धड खुर्चीही एकच, ती नानांची. बाकी आम्ही खोक्यांवर. ओहोटीला लाँच काठाला लागत नसे. उतारू होडीत उतरायचे, होडी चिखलात रुतली की खलाशी कमरेएवढ्या पाण्यात उड्या टाकायचे आणि एकेकाला खांद्यावर घेऊन काठावर आणायचे. वकील, मामलेदार, नऊवारीतल्या सासवा, कोंबड्यांच्या करंड्या, सगळं कोरडं. खलाशी तेवढे ओले. म्हणून आमच्या गुजराती शेटनी पहिल्याच वर्षी एक रीत घातली. ओला माणूस कचेरीत आला की कोरड्यानं उठून त्याला जागा द्यायची. "बेस धाकू, बेस," म्हणत शेट स्वतः उठलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. आणि नाना? घरी कडक सोवळं, शेजारी मासळी तळली तर खिडकी लावून घेणारे. पण कचेरीच्या दारात धाकू दिसला की लेखणी कानावर ठेवून उठायचे. "अरे भाऊ, आपण कोरडे कोणामुळे?" एवढंच म्हणायचे.

मग कंपनी वाढली. लाँचा वाढल्या, फेऱ्या पार हरिहरेश्वरापर्यंत गेल्या, शेट मुंबईला जाऊन बसले आणि आमच्या डोक्यावर एक मॅनेजर आला. विलायती बूट, आवाज मोठा. त्यानं जमिनीला फरशी घातली, टेबलं आणली. ते चांगलंच केलं, मी कशाला नाही म्हणू? पण दारावर पाटीही ठोकली, 'ओल्या कपड्यांनी आत बसू नये.' म्हणाला, ही काय धर्मशाळा आहे? आम्ही पाटी वाचली आणि उठायचो ते उठतच राहिलो. नानांनी ती वाचलीच नाही. "चष्मा घरी राहिला हो," म्हणायचे, आणि चष्मा नाकावर!

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मॅनेजर मुंबईहून आला. ओहोटी होती. धाकूनं त्याला बुटांसकट खांद्यावरून काठावर आणलं, एक थेंब लागू दिला नाही. घटकाभरानं धाकू कुडकुडत कचेरीत आला. नाना उठले, धाकू बसला. मॅनेजरनं ते पाहिलं मात्र, कडाडला, "ऊठ! उद्यापासून कामावर यायचं नाही." धाकूच्या घरात बाळंतीण आहे हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. नाना म्हणाले, "जागा मी दिली, साहेब. काढायचं तर मला काढा." "तुमचं मागाहून बघतो," म्हणून तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून हरिहरेश्वरच्या यात्रेकरूंची ही झुंबड! तिकिटांची खिडकी उघडायची वेळ झाली आणि नानांचा पत्ता नाही. बाहेर येऊन बघतो तर नाना समुद्रात. धोतर, कोट, पगडी, सगळ्यासकट गळ्याएवढ्या पाण्यात, आणि माघातली ती थंडी! तसेच निथळत आले, मॅनेजरच्या समोरून गेले आणि आपल्या खुर्चीत बसले. "साहेब, मी ओला आहे. पाटीप्रमाणे मला उठवा, नाहीतर धाकूला परत बोलवा."

"दुसरा कारकून बसवतो," मॅनेजर म्हणाला. मी तोवर पाण्याकडे निघालो होतो, माझ्यामागून बाकीचे. डबक्यात म्हशी बसतात तसे आम्ही कारकून ओळीनं समुद्रात बसलो. यात्रेकरू टाळ्या पिटायला लागले. "अगो बाई, पर्वणी आहे की काय आज?" म्हणत एक आजीबाईही उतरल्या! कचेरीत कोरडा असा एकच माणूस उरला, आणि त्याला खिडकीवर बसून तिकिटं फाडायची लाज वाटत होती. बाहेर लोक ओरडताहेत, लाँच शिट्ट्यांवर शिट्ट्या देतेय... अखेर त्यानं धाकूला बोलावणं धाडलं. पाटीही उतरली.

पण असल्या गोष्टी कंपनी विसरत नाही. उन्हाळा लागला तशी नानांची बदली झाली, धरमतरच्या गोदामात, भाताच्या पोत्यांवर. आम्ही म्हटलं, शेटना जाऊन भेटू. "कशाला? धाकू कामावर आहे ना? मग झालं तर," नाना म्हणाले. आणि ज्यांनी ती रीत घातली ते शेट काय करत होते? गप्प बसले होते. मुंबईत, कोरडे. हे छापून आल्यावर माझं काय व्हायचं ते होवो. निघताना हमालानं सामानाबरोबर ती खुर्चीही उचलली, तेव्हा नाना ओरडले, "ठेव ती खाली. माझी नाही ती. ओला येईल त्याची."

ती आज माझ्या टेबलामागे आहे. खाऱ्या पाण्यानं वेत काळा पडलाय, मधे खोलगट झालाय, बसलं की गुडघे वर येतात. परवा आमचे नवे मॅनेजर म्हणाले, "ही मोडीत काढू, चांगली गादीची आणू." मी विचारलं, "तिच्यावर ओला माणूस बसलेला चालेल?" ते हसले. म्हणाले, गादी खराब होईल. "मग हीच राहू दे," मी म्हटलं. "धरमतरला नानांची जागा रिकामी आहे, ठाऊक आहे मला. पाठवायचं तर पाठवा."

ते काही बोलणार तेवढ्यात धाकू आला, अंगावरून पाणी गळतंय. मी उठलो. धाकूनं साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

आणि बसला.