निम्मं शेवाळ

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, आणि जन्मात यांनी एक स्क्रूसुद्धा फेकलेला नाही. बंद घड्याळं, तुटके पट्टे, माझ्या माहेरून आलेल्या मिक्सरचं झाकण, सगळं कपाटात कोंबलेलं. दार उघडलं की अंगावर कोसळतं. फेकायचं नाव काढलं की यांच्या कपाळावर आठ्या.

बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे. लेकीने पहिल्या पगारातून आणलेली. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्या पसंतीने लग्न केलं, तर यांनी "हे घर तुझं नाही" एवढंच म्हणून दार लावलं. टाकी राहिली, तिचा लाडका पिवळा मासा राहिला. तेव्हापासून हे त्या माशाला तळहाताच्या फोडासारखं जपतात. मला त्या जपण्याचा संताप येतो.

टाकीचं पाणी खालच्या पेटीतून फिरून येतं; त्या पेटीत दिवा लावून शेवाळ वाढवायचं असतं, भांडी घासायच्या काथ्यासारखं दिसणारं. माशांची घाण पाण्यात विरघळते, ती शेवाळ खातं. मासेवाल्याने बजावलं होतं, दर पंधरवड्याला निम्मं तोडून फेका, म्हणजे घाणही त्याच्याबरोबर जाईल. हे कसले फेकतायत. आपल्या हाताने वाढवलेलं फेकायचं कसं, म्हणे. पेटी गच्च भरली. उजेड आत पोचेना, आतलं शेवाळ कुजलं आणि खाल्लेली घाण परत पाण्यात उतरली. मी चारदा सांगितलं. यांनी मला वेड्यात काढलं.

मंगळवारी सकाळी पिवळा मासा तळाशी आडवा पडून धापा टाकत होता. मी बाही वर सारली, तर हे पेटीसमोर उभे.

"हात लावू नकोस. मी वाढवलंय ते."

"लेकही तुम्हीच वाढवली होती," मी म्हणाले. "तिला घराबाहेर काढताना बरा नाही अडखळला तुमचा हात."

हे बाजूला झाले. मी ओढून ओढून निम्म्याहून जास्त काढलं, बादली भरली. यांनी मीठ कालवलेलं नवं पाणी गुपचूप आणून ओतलं. दोन दिवसांनी मासा सरळ पोहायला लागला, खायलाही लागला.

तेव्हा हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला कळवायला हवं."

"कळवा की," मी म्हटलं.

हे फोन हातात घेऊन बसून राहिले. तिचा नंबर यांनी दार लावलं त्याच दिवशी पुसून टाकला होता. माझ्याकडे आहे. मी दिला नाही.