आक्कांच्या ओळखीचा कॅन

"दोन्ही घाला की, पावणं. एका खेपेत उरकतंय."

गडमुडशिंगीच्या आक्का सुनेच्या वतीनं बोलत होत्या. सून रूपाली शेजारी बसली होती.

मी कोल्हापुरात वंध्यत्व उपचाराच्या लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. शरीराबाहेर तयार झालेले गर्भ सांभाळणं हे माझं काम. रूपालीचे दोन चांगले गर्भ तयार होते. दोन्ही एकदम गर्भाशयात सोडले, तर जुळी राहू शकत होती. तिचं बीपी आधीच जास्त. जुळ्यांत ते आणखी चढतं, बाळंही दिवस भरण्याआधी येतात. आईच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमचा सल्ला होता: एकच सोडायचा, दुसरा फ्रीझ करायचा.

मी आकृत्या काढून अर्धा तास समजावलं. आक्का हलेनात.

"बर्फात घातलेलं जगतंय व्हय? नासलं म्हंजे?"

तेव्हा कळलं. त्यांना जुळ्यांची हौस नव्हती. दुसरा वाया जाईल ही भीती होती.

मॅडमना विचारून मी आक्कांना आणि रूपालीला लॅबच्या काचेपाशी उभं केलं. आत जाऊन, गर्भ गोठवून ठेवतात त्या द्रव नायट्रोजनच्या कॅनचं झाकण उचललं. पांढरी वाफ निघाली. बाहेर आलो तर आक्का हसत होत्या.

"आरं, ह्यो तर म्हशीच्या डॉक्टरचा कॅन! गाडीला बांधून आणत्यात. आमची चंद्री म्हस असल्याच कॅनातल्या बीजाच्या कांडीची हाय."

"तेच तंत्र, आक्का."

"मग मघापासनं विंग्रजी कशाला झाडतोस?"

मॅडमही तिथं आल्या होत्या. त्या रूपालीकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं?"

"एकच घाला," ती लगेच म्हणाली.

माझ्या वडिलांनी डेअरीला दूध घालून मला एम.एस्सी. केलं. आमच्याही गोठ्यात तोच कॅन यायचा. पेशंटला ते सांगायची मला आजवर लाज वाटत होती.

पहिला गर्भ रुजला नाही. रिपोर्ट मी मान खाली घालूनच सांगितला. आक्काच म्हणाल्या, "तोंड पाडू नगंस. दुसरं हाय न्हवं कॅनात? काढ."

दुसरा रुजला. शेवटच्या महिन्यात बीपी चढलंच, पण एका बाळापुरतं ते मॅडमना आवरता आलं. दिवस भरून मुलगी झाली. आक्का चंद्रीच्या दुधाचे पेढे घेऊन आल्या. त्यातले दोन मी वडिलांसाठी बाजूला काढले.

आता फ्रीझिंग समजावण्याआधी मी आकृती काढत नाही. आधी विचारतो, घरी म्हैस आहे का?