पीराचा कागद वाचणारा हबीब

हबीबनं मला माझा खापरपणजोबा दाखवला. हे आधी लिहितो. हबीब गेला, हे मागून. कळमनुरीच्या एका शिंप्याचा तो पोरगा, सातवीपर्यंत माझ्या बाकावरचा, पुढे इतिहासात एम.ए. होऊन औरंगाबादला जुन्या दप्तरांच्या सरकारी कचेरीत लागलेला. तीन आठवड्यांमागं सुरतेत मी कापडाच्या मागावर उभा असताना त्याच्या बायकोचा, सलमाभाभीचा फोन आला. "भाऊ, तुमचा दोस्त गेला... काविळीनं." मी "बरं" म्हणालो. असल्या बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण मला तेवढंच सुचलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

माझी शाळा सातवीत सुटली. डोंगरकड्याजवळच्या आमच्या तांड्यावरून मी आधी गिट्टीच्या कामाला गेलो, मग सुरतेला आलो. हबीब विद्यापीठात गेला तेव्हा कळमनुरीच्या बाजारात त्याची लई चेष्टा व्हायची. "काय हबीब, मेलेल्या राजांकडं नोकरी मागणार व्हय?" त्यात मीही हसलेलो आहे. तो चिडायचा नाही, बोटं मोजायचा, "हसा लेको. कॉलेजात शिकवीन, म्युझियमात बसीन, पाहुण्यांना लेणी दाखवीन, परीक्षा देऊन तहसीलदार होईन. काहीच न्हाई जमलं तर अब्बांची मशीन हाये."

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट असेल. मी सुट्टीवर घरी होतो आणि हबीब वही घेऊन तांड्यावर आला. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या आमच्या लोकांच्या जुन्या वाटा तो एम.ए.साठी लिहून घेत होता. माझी आई, आम्ही याडी म्हणतो, सांगता सांगता उठली आणि देव्हाऱ्यातून पीराचा कागद घेऊन आली. चार पिढ्या तो आमच्या घरी पूजेला होता. उर्दूवाणी अक्षरं, म्हणून पीराचा. लेकराला ताप आला की त्याचा कोपरा पाण्यात बुडवायचा आणि ते पाणी पाजायचं. मीही प्यायलोय. हबीबनं हात धुतले, शर्टाला पुसले, कागद मांडीवर घेतला आणि अक्षरांवर वाकला... ते घाईत लिहिलेलं, मोडकं अक्षर त्यालाही सरळ लागेना. सगळी दुपार गेली. मग उजवीकडून डावीकडं बोट सरकवत म्हणाला, "याडी, हा पीराचा न्हाई. जकातीच्या नाक्याची चिठ्ठी हाये. नायक सोमला वल्द धर्मा. बैल एकशे चाळीस. मीठ."

सोमला म्हणजे माझा खापरपणजोबा, पण हे नाव आमच्या घरात फक्त होळीच्या गाण्यात होतं. गाण्यातला तो माणूस खरंच होता! त्याचे बैल कुणीतरी नाक्यावर उभं राहून मोजले होते, आणि माझ्याबरोबर गोट्या खेळलेला पोरगा ते मला वाचून दाखवत होता. मी विचारलं, "चालला होता कुठं?" हबीबनं झिजून गेलेला कोपरा वर धरला. "कुठून आला ते हाये. कुठं चालला ते तुमी लेकरांना पाजलं." याडी हसत हसत रडली. कागद परत देव्हाऱ्यात ठेवताना म्हणाली, "पीराचा न्हाई तर न्हाई. आता घरच्या माणसाचा हाये." पुढच्या खेपेला हबीब अब्बांच्या मशीनवर स्वतः शिवलेली पांढऱ्या सुती कापडाची पिशवी घेऊन आला. "यात ठेवा. आणि आता पाणी न्हाई. ताप आला तर दवाखाना."

यंदा माझ्या पूजानं बारावीची परीक्षा दिली. ती याडीजवळ राहते, बाळापूरला शिकते. म्हणाली, "बाबा, मला इतिहास घ्यायचाय." इतकं सगळं पाहिलेला मी, पण घाबरलो. परमुलखात एका खोलीत राहून मी तिला नर्स करायचं मनाशी धरलेलं. तू समजाव म्हणून हबीबलाच फोन केला. "काहून? तूबी बाजारातल्यावाणी बोलून राहिला. एकदा माझ्याकडं आण तिला. मग नर्स व्हावं वाटलं तर होऊ दे." मे महिन्यात तिला त्याच्या कचेरीत नेलं. कापडात बांधलेली दप्तरं थेट छतापर्यंत... बघणाऱ्याची वाट पाहत हजारो माणसं गप्प बसल्यासारखी. मी दारातच चपला काढल्या. हबीब म्हणाला, "अरे, ऑफिस हाये, घाल." मला घालवल्या नाहीत. पूजानं विचारलं, "काका, आमच्या सोमलाची राहिलेली वाट यात असेल?" तो म्हणाला, "असंल. पण माझ्या एकट्याच्यानं हे सगळं वाचून व्हायचं न्हाई, बेटा."

त्याच्या मातीला मी पोचलो नाही. मागच्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा पूजाचा कॉलेजचा अर्ज देव्हाऱ्यापुढं पडून होता, विषयाची जागा कोरी. बाबांनी लिहिल्याशिवाय देणार नाही म्हणाली. मी ती पांढरी पिशवी काढली. शिंप्याचा पोरगा, पण एका बाजूची शिवण पार वाकडी गेलेली. त्या शिवणीवरून बराच वेळ बोट फिरवत बसलो. मग माझ्या सातवीच्या अक्षरात अर्जावर 'इतिहास' लिहिलं. भीती गेली नाही. नोकरी लागेल का, कुठं लागेल, मला काही ठाऊक नाही.

पण हबीब, तुझं फेडायचं राहिलंय. एक ना एक दिवस पूजा कुणाच्या तरी दारी जाईल, हात धुईल, ओढणीला पुसेल, आणि त्या घरातल्या हरवलेल्या माणसाचं नाव त्यांना वाचून दाखवील. तोवर तिच्या फीसाठी मी मागावर उभा आहे. तेवढं तुझं मी फेडीन.