एस्तेरताईच्या कॅसेटमधला माझा आवाज

मंगल, तू माझी लहानपणची मैत्रीण, पेणलाच राहिलीस, म्हणून मी निघाले तो दिवस तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. लग्नाला चारच दिवस झाले होते. पेणच्या रामवाडी एसटी डेपोत रोह्याची गाडी लागली, ह्यांनी ट्रंक टपावर चढवली, आणि मी खिडकीतून आईचा हात सोडेना. आई म्हणाली, "रडतेस काय गो? रोहा काय परमुलूख हाय?"

मला परमुलूखच वाटला. ह्यांची धाटावच्या कंपनीत शिफ्टची नोकरी, रोह्याजवळच्या वरसे गावात चाळीतली भाड्याची खोली. आपण मिठागराच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारणाऱ्या. इथे भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला. दिवसभर कुजबुजत बोलायचं. आई लग्नांत धवले गाणारी, तिचाच गळा मला मिळालेला, आणि मी वर्षभर साधी गुणगुणलेही नाही.

एका दुपारी शेजारीपाजारी कुणी नाही असं समजून मी धवला म्हटला. दारात शेजारच्या ग्रेस सिस्टर उभ्या! दवाखान्यात नर्स होत्या त्या. "अगं, एवढा आवाज कुठे लपवला होतास?"

त्यांच्या प्रार्थना मंडळात तेव्हा मोठी धामधूम होती. मुंबईची एस्तेरताई ही गायिका येशूची मराठी गाणी गायची, पण नव्या चालीची, कीबोर्ड आणि ड्रमवर. तिची नवी कॅसेट स्टुडिओत नाही, तर रोह्याच्या एका हॉलमध्ये, लोकांसमोर भरायची होती. कोरसला इथल्याच बायका हव्या होत्या. सिस्टरनी माझं नाव देऊनही टाकलं. हे म्हणाले, "गा की! कंपनीत सगळ्यांना सांगतो." पण आईला काय वाटेल? दुसऱ्यांच्या देवाचं गाणं! तिला न कळवताच मी गेले.

हॉल गच्च भरलेला. घरघर टेपवर येऊ नये म्हणून पंखे बंद. पहिल्याच गाण्यात रेकॉर्डिंगवाल्याने हात वर केला. "निळ्या साडीवाल्या बाई, मागे सरका. सगळ्यांवर तुमचाच आवाज येतोय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पार भिंतीला जाऊन टेकले. तेवढ्यात एस्तेरताई वळली. "मागे नको. तिला माझ्याशेजारी आणा. मला हाच आवाज हवाय."

मंगल, पदर खोचून मी तिच्याशेजारी उभी राहिले गो! ती ओळ सोडायची, मी उचलायची. तिसऱ्या ओळीला भीती गेली. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, आणि मी वर्षभराचा गळा मोकळा केला. शेवटच्या टाळ्यांत माझा हुंदकाही भरला गेलाय, कान देऊन ऐक.

कॅसेट आली, कव्हरवर कोरसमध्ये माझं नाव! दुसऱ्याच दिवशी मी पेणची गाडी धरली. टेप तूच लावलास. आई मासळी साफ करत होती. दुसरं गाणं लागलं, त्यात माझा आवाज वर आला आणि तिचा हात थांबला.

"आई, गाणं त्यांच्या देवाचं हाय," मी म्हटलं. "रागावलीस?"

तिने तुला गाणं पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "देव कुनाचा पन असू दे," ती म्हणाली, "गळा माज्या पोरीचा हाय." आणि तशाच ओल्या हातांनी सगळी आळी बोलवायला धावली.

चार वाजता मी चपला घातल्या. "निघते आई, घरी जायला उशीर होईल. सिस्टर वाट बघत असतील."

बोलले, आणि मगच लक्षात आलं. वरशाला 'घरी' म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "व्हय," ती हळूच म्हणाली, "घरी जा."

आजही पेणला निघाले की मी 'आईकडे चालले' म्हणते, आणि परतताना 'घरी'. हे बोलायची वेळ येईल तेव्हा काळजात तुटेल, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी मात्र सिस्टरना कधी एकदा सांगते असं झालं होतं. गाडीत बसायला जागा होती, तरी मला बसवेना; वाटेतल्या नागोठण्यापर्यंत मी उभीच होते.