भाऊजींची अदलाबदल

दुसऱ्याला बोलू न देणारी माणसं अमरावतीत गल्लोगल्ली सापडतील, त्यात मीही आले. पण समोरच्याला बोलतं केल्याशिवाय ज्याला अन्न पचत नाही असा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. माझे भाऊजी भूमापन खात्यात होते. जन्मभर त्यांनी लोकांची शेतं मोजली. मोजणीला गेलं की धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, या बाजूला एक भाऊ, त्या बाजूला दुसरा आणि मधे हे साखळी धरून उभे. "हा म्हने त्याले सांगा, तो म्हने याले सांगा. अवं, मी मोजनीवाला होतो का टपालवाला?" असं ते अजून विचारतात. निवृत्तीनंतर माणसं गुलाब लावतात, तीर्थयात्रा करतात, गेला बाजार गुडघ्यांवर बोलतात. यांनी लोकांना बोलायला शिकवायचं काढलं.

भाऊजींनी कुणाला "कसं काय, बरं आहे ना" असं विचारल्याचं मला आठवत नाही. भेटलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न एकच: "आज कोनावर राग आला?" ऑटोवाल्याला, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बाईला, भाजीवालीला, कुणालाही. गंमत म्हणजे लोक सांगतात. राजकमल चौकात एकदा एका ऑटोवाल्यानं ऑटो बाजूला घेऊन साडूबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मागे बसलेली मी माझ्या कॉलेजच्या परीक्षेला उशिरा पोचले. आमच्या नात्यातल्या एका लग्नात तर यांनी पंगतीत बसलेल्या नवरदेवालाच हा प्रश्न केला. नवरदेव बिचारा सकाळपासून कुणी काही विचारावं म्हणून तरसला होता. त्यानं स्वतःच्या मामाचं नाव घेतलं आणि मामा पाठीमागे मठ्ठा वाढत होता. पुढचा अर्धा तास मांडवात जे झालं त्याचा व्हिडिओ लग्नाच्या व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी पाहिला.

दुसरी खोड नकलांची. नकला कसल्या, त्या माणसाला अंगावरच घेतात म्हणा ना. घरात दूधवाला बोलतोय असं वाटावं आणि न्हाणीघरातून भाऊजी बाहेर यावेत. साहेब, तलाठी, शेजारची कीर्तनकार बाई, सगळे त्यांच्या घरी मुक्कामाला असतात. ताई कपाळाला हात लावून म्हणते, "मी एकट्या मानसासंग संसार करून राहिली का साऱ्या तालुक्यासंग, माह्यं मलेच समजत नाही." तिच्या या वाक्याचीही ते हुबेहूब नक्कल करतात, कपाळावरच्या हातासकट.

या दोन खोडींतून त्यांची रविवारची नाटकाची शाळा निघाली. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत मंदिराला लागून एक पत्र्याचं सभागृह आहे. बारशांना आणि मतदानाला उघडायचं, बाकी त्यात खुर्च्या झोपायच्या. तिथे दर रविवारी दुपारी पंधरा-वीस माणसं जमू लागली. फी नाही, लिहिलेलं नाटक नाही, पाठांतर नाही. नियम एकच आणि तोही असा, की दुसऱ्या कुणाला सुचू नये: ज्याच्याशी तुमचा अबोला आहे, किंवा ज्याची तुम्हाला भीती वाटते, त्याचं काम तुम्ही करायचं. याला ते अदलाबदल म्हणत. सुनेनं सासू व्हायचं, सासूनं सून. "दुसऱ्याचं तोंड लावून पाहा राजेहो, मंग आपलं आपोआप उघडते," हे त्यांचं एवढंसं तत्त्वज्ञान.

मी पहिल्यांदा गेले ती टिंगल करायलाच. कौंडण्यपूरकडची एक मुलगी इथे स्पर्धा परीक्षेच्या क्लासला होती. लेखी परीक्षा सहज काढायची आणि मुलाखतीत तोंडातून शब्द नाही. भाऊजींनी तिला मुलाखत घेणारा साहेब केलं आणि स्वतः उमेदवार झाले. पाय पसरून बसले, पान चघळल्यासारखं करत उलट तिलाच प्रश्न विचारू लागले. मुलगी आधी घाबरली, मग हसली, आणि शेवटी टेबलावर हात आपटून ओरडली, "उठा! बाहेर व्हा पहिले!" सभागृहात टाळ्या. ती मुलगी आता एका तहसील कार्यालयात आहे आणि तिथले लोक सांगतात की ती अजूनही ते वाक्य वापरते. मग एका सासूसुनेची पाळी आली. सून झालेली सासू खुर्चीत बसून मोबाईलच बघत राहिली, आम्ही हसून हसून बेजार. सासू झालेली सून तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "जेवली काय वं?" खरी सासू भूमिका सोडून फणकारली, "हे मी कधी इचारतो तुले?" सून म्हणाली, "म्हनूनच इचारलं." त्यानंतर कुणी हसलं नाही. त्या दोघी घरी जाताना एका छत्रीतून गेल्या आणि माझी टिंगल करायची राहून गेली.

साऱ्यांची अदलाबदल झाली, खुद्द गुरुजींची मात्र नाही. आणि भाऊजींचा अबोला तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. नांदगाव खंडेश्वरला त्यांचे थोरले भाऊ राहतात. शेती त्यांनी सांभाळली, म्हाताऱ्या आईचं दुखणंखुपणं त्यांनीच काढलं. आईच्या तेरवीला भाऊजी सकाळच्या एसटीनं पोचले, तेव्हा दादा साऱ्या भाऊबंदांसमोर म्हणाले, "पाव्हन्यासारखा आला, पाव्हन्यासारखा जेव अन् जाय." भाऊजी न जेवता परतले. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. अमरावतीहून नांदगाव असं कितीसं दूर! पण गाडी वळली नाही.

शाळेत एक निवृत्त नर्सबाई येत. त्यांना सरळ बोलायची सवय. एका रविवारी त्या म्हणाल्या, "सर, साऱ्याइले इंजेक्शन टोचलं तुमी. तुमचा हात काहून लपवून राहिले?" भाऊजी कसनुसे हसले आणि खुर्च्या आवरू लागले. पण पुढच्या रविवारी टोपी घालून आले. दादांची लकब अशी, की बोलण्याआधी टोपी काढायची, वाक्य तिच्या आत ठेवलं असावं तसं आत डोकावायचं, टोपी परत चढवायची आणि मग बोलायचं. भाऊजींनी टोपी काढली, आत पाहिलं, चढवली आणि तेरवीचं ते वाक्य उच्चारलं. उच्चारलं आणि तिथेच थांबले. मग भावाच्याच आवाजात पुढचं आपोआप आलं: "एकटा उचलत होतो रे तिले. रोज वाट पाहे माय तुही." हे दादा कधी बोललेच नव्हते. पण ते त्या वाक्याच्या पोटात होतं हे भाऊजींना त्या क्षणी कळलं, आणि इतकी वर्षं मला न आवडलेला तो माणूस मलाही कळला. भाऊजी टोपी हातात घेऊन रडले. आम्हीही.

तिथून सरळ नांदगावला जावं की नाही? मी तेव्हाच म्हटलं होतं, चला, मी येते सोबत. पण भाऊजी पडले कलावंत. अकोल्याच्या एका मंडळानं त्यांच्या शाळेचा कार्यक्रम ठेवला होता. त्यांनी ठरवलं की दादांनी अकोल्याला यावं, हे दृश्य पाहावं आणि आपल्याला समजलं आहे हे त्यांना समजावं. बोलावणं स्वतः केलं नाही, ताईकडून धाडलं. दादा आले. धुतलेलं धोतर, पांढरीशुभ्र टोपी, ताईच्या शेजारी तिसऱ्या रांगेत. मी पलीकडेच होते. लग्नाला आल्यासारखे ते खुशीत होते.

भाऊजी रंगमंचावर आले, टोपी काढली, आत पाहिलं. हॉल हसला. अमरावतीच्या पत्र्याखाली कुणी हसलं नव्हतं, कारण तिथे सगळे जाणून होते. इथल्या लोकांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, विनोदी काम आहे. आणि हसू कानावर पडताच माझ्या भाऊजींचं काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी टोपी परत काढली. परत हशा. मग टोपी झटकली, उलटी करून पाहिली, जमिनीवर वाक्य सांडलंय का तेही शोधलं. लोक खुर्च्यांवर हात मारू लागले. तेरवीचं वाक्य आलं ते असं लांबवून, नाकातून, की शिट्ट्या पडल्या. त्या शिट्ट्यांत पुढचं वाक्य, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप होता, तेच भाऊजी विसरले. खरंच विसरले. वाकून नमस्कार केला आणि टाळ्या घेत आत गेले. मला त्यांचा असा राग आला, की उठून वर जावं आणि ती टोपी ओढून घ्यावी. दादा मात्र टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत होते म्हणून. मग ते ताईला म्हणाले, "येतो मी, शेवटची गाडी जाईन." त्यांना थांबवता थांबवता ताईचा पदर पायात आला. भाऊजी तोंडाचा रंग पुसून येईपर्यंत दादा गेले होते.

त्यानंतर ताई नांदगावला जाऊन आली. दादा रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, आमच्याकडे रागाला उतारा आहे. तिला ते एवढंच म्हणाले, "चांगलं केलं त्यानं. मी असा दिसतो हे मले मालूमच नोतं." आणि जावेनं आत नेऊन सांगितलं की ते आता टोपी घालत नाहीत. बाजारालाही बोडकेच जातात, आणि पारावर बसून साऱ्या गावाला हसवणारा माणूस आता हो-नाहीपुरता बोलतो. एवढ्या लोकांची तोंडं उघडली भाऊजींनी, आणि सख्ख्या भावाचं मिटवून ठेवलं.

हे ऐकल्यावर मात्र भाऊजी कुणाला न सांगता स्कूटर काढून नांदगावला गेले. परत आले तेव्हा मी ताईकडेच होते. मी विचारलं, "माफी मागितली का?" ते बराच वेळ चपला काढत बसले. "त्यानं बोलाले हात वर नेला वं," ते म्हणाले, "डोक्यापाशी गेला, टोपी नाही, तसाच खाली आला. मंग बोल्लाच नाही. मी काय बोलू? मले दादासारखं बोलता येते, दादासंग नाही बोलता येत."

शाळा चालू आहे. हल्ली नर्सबाईच ती चालवतात, भाऊजी मागच्या खुर्चीवर बसतात आणि कुणी "सर, करून दाखवा ना" म्हटलं की मान हलवतात. घरात दूधवाल्याच्या आवाजात आता फक्त दूधवालाच बोलतो, आणि ताईला ती शांतता खायला उठते. नांदगावची फेरी मात्र त्यांनी सोडली नाही. दोघे भाऊ ओट्यावर बसतात, चहा पितात, रस्त्यानं जाणारी जनावरं बघतात. परतल्यावर ताई विचारते, "आज काही बोलले काय दादा?" बहुतेक वेळा भाऊजी नुसतेच हात धुवायला जातात. गेल्या खेपेला म्हणाले, "बोल्ला. औंदा तूर बरी हाय म्हने." आणि त्या दिवशी त्यांनी आणखी एक भाकर मागून घेतली.